हात कुणाचे

पणजीच्या जुन्या गोदामात
वीस फुटी चेहरा. खाली चिठ्ठी:
‘कलाकार अज्ञात’.

बाबल चारी म्हापशाहून बसने आलाय.
थंडगार हॉलमध्ये चपला काढाव्यात की कसं, ठरेना.

तेव्हा ह्या हिरोच्या हातात पिस्तूल होतं.
पोरं शिडीवर चढून दूध ओतायची,
मिशीचा रंग ओघळायचा.
मग हिरो निवडणुकीला उभा राहिला.
एका रात्रीत पिस्तूल पुसून हात जोडायचे होते
आणि जोडलेल्या हातांचा फोटो
पार्टीकडेसुद्धा नव्हता.

बाबलने आरशात बघून स्वतःचेच काढले.
जोडायचे, बघायचे, सोडून ब्रश धरायचा.
करंगळी वाकडी, ती राहिली वाकडीच.

‘आजोबा, जरा बाजूला,’
एक मुलगी सेल्फी घेते.

तो सरकतो,
करंगळी मुठीत धरून.