मिंगा

आमच्या बेटावर घरं हलवतात.
खिडक्यांसकट, चुलीसकट,
भिंतीवरच्या मेलेल्या आजोबांच्या फोटोसकट
घर ओंडक्यांवर चढतं, बैलांच्या जोड्या लागतात,
भरतीला होड्या ते खाडीपार ओढून नेतात.
ह्याला मिंगा म्हणतात. मजुरी नसते.
संध्याकाळी पोटभर बटाटे, डुकराचं मटण, सफरचंदाची दारू,
आणि उद्या तुमचं घर हलायचं झालं तर मी येईन
एवढा शब्द.

एलेउतेरिओ चिगुआयच्या शब्दाला
कुत्रंही शेपूट हलवत नसे.
वडील बोटांवर मोजायचे:
निकानोरची वल्ही विकली. आमची मेंढी.
सख्ख्या आईच्या मातीला आला नाही.
आणि त्या जुलैत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत,
चर्चच्या छपराच्या फळ्या उपसून चुलीत घातल्या.
करंगळी उरायची, तिच्यासाठीही काहीतरी सापडायचं.

समुद्र दर हिवाळ्यात त्याच्या घराखालची
वीतभर माती खात होता.
गाव बघत होतं.
भरती-ओहोटीचं गणित आमच्याकडे पोरांनाही येतं.

एका मंगळवारी बाल्दोविनाने घंटा वाजवली.
पाद्री वर्षातून दोनदा येतो, समुद्राची मर्जी असली तर;
एरवी चर्चच्या किल्ल्या, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना,
सगळं हिच्याकडे.
"उद्या ओहोटीला," ती म्हणाली, "दोर आणा."
"त्याने बोलावलंय?" वडिलांनी विचारलं.
"नाही."
"जेवायला काय घालणार?"
"काही नाही."
"मग आम्ही कशाला..."
"तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा सहा दिवसांचा होतास, ओक्ताविओ.
नुसता रडत होतास.
देवाने विचारलं होतं का तुला,
जेवायला काय घालणार म्हणून?"

आले सगळे. प्रेमाने आले असं मी म्हणणार नाही.
शिव्या देत आले, थुंकत आले,
निकानोर तर तोंड फिरवून दोर ओढत होता.
पण चौदा जोड्या लागल्या, आणि बैलांना
घर कोणाचं ते माहीत नव्हतं.

एलेउतेरिओ दार लावून आत.
शरमेने की दारूने, कुणी विचारलं नाही.
त्याच्यासकट घर निघालं.
चिखलातून घसरत गेलं, पिंपांच्या आधाराने तरंगलं.
अख्खी दुपार खाडीत एक कललेलं घर
आणि आत एक माणूस, ज्याला पत्ताच नाही
की आपल्याला कुणीतरी ओढून नेतंय.
जाग आली तेव्हा खिडकीत समुद्र नव्हता.
चर्चची भिंत होती.

दुसरा कुणी सांगता तर इथे तो सुधारला असता.
नाही सुधारला.
पुढच्या जूनमध्ये छपरातून पुन्हा पाच फळ्या गेल्या.
वडिलांनी धूर पाहिला, तरातरा बाल्दोविनाकडे गेले,
पंजा उघडून मोजायला लागले.
ती वळचणीला वाळवलेलं लाकूड फोडत होती.
दहा फळ्या पाडल्या.
पाच छपराला. पाच त्याच्या दाराशी टेकवून ठेवल्या.
"छपराच्या ओल्या असतात," म्हणाली, "धूर फार होतो.
खोकला आहे त्याला."

मग वडिलांना दंडाला धरून आत नेलं,
त्या लाकडी येशूसमोर, ज्याच्या हातांची बोटं
माझ्या पणजीच्या काळीच किडीने खाल्ली.
खिळे तेवढे शाबूत.
"आता मोज," म्हणाली.
वडिलांनी पंजा मिटला नाही, पुढे केला नाही,
तसाच मांडीला घासत उभे राहिले.

मी आता पार दक्षिणेला, पुन्ता अरेनासला,
भाड्याच्या खोलीत.
माझीही यादी आहे. दोन्ही हात पुरत नाहीत.
प्रार्थना करायला बसते, आणि बिलं आठवतात.
पण काही रात्री, दार आतून लावलेलं असताना,
पलंग किंचित कलतो,
फळीवरची भांडी एकमेकांना हळूच लागतात,
आणि बाहेर, लांबून,
कुणीतरी बैलांना हाक मारतंय.