बासष्ट पावलं

घरापासून गोठ्यापर्यंत बासष्ट पावलं होती.
आजीची पावलं, म्हणजे लहान,
आणि उजव्या बुटात वर्तमानपत्राची घडी,
कारण बूट मुळात जावेचे.

ओटिलिया लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची.
उत्तर डकोटा. डोळा अडेल असं काही नाही.
झाड दिसलं तर समजायचं, कुणीतरी लावलंय.
पहिल्याच जानेवारीत हिमवादळ आलं,
स्वतःचा हात स्वतःला दिसेना असं,
तेव्हा राइनहोल्डने घराच्या कडीपासून गोठ्याच्या कडीपर्यंत
दोर बांधला आणि सांगितलं, हा सोडायचा नाही.
तिने सोडला नाही.
पण भरवसाही ठेवला नाही त्याच्यावर.
दोर तुटतो, म्हणायची. आकडा तुटत नाही.

मोजायची जर्मनमध्ये,
आईने ओडेसाकडच्या कुठल्याशा खेड्यातून
पिसांच्या गादीबरोबर आणलेल्या जर्मनमध्ये.
शिव्याही त्याच भाषेत.
इंग्रजी दुकानदाराशी आणि सरकारी कागदांशी.

चौदा गाई, पहाटे साडेचार.
एमिल नऊ दिवसांचा होऊन गेला
त्या संध्याकाळीही बासष्ट जाताना, बासष्ट येताना.
गाईंना कोण सांगणार?
हे तिने मला एकदाच सांगितलं,
बटाटे सोलताना, सालीवरची नजर न काढता,
आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, तू फार जाड सोलतेस.

ती देवमाणूस वगैरे नव्हती.
पत्त्यांत लबाडी करायची, नातवंडांशीसुद्धा.
प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची,
आणि आम्ही त्या शाळेत न्यायला लाजायचो.
मलई काढायच्या एका यंत्रावरून
त्याच जावेशी अकरा वर्षं बोलली नाही.
बूट मात्र वापरत राहिली.

सत्त्याऐंशी साली गाई विकल्या.
ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने तिचं रुबार्ब चिरडलं,
त्याच्यावर ओरडली, घसा बसेपर्यंत.
आम्हाला वाटलं, रुबार्बसाठी.

दुसऱ्या दिवशी साडेचारला दिवा लागला.
राइनहोल्ड गेला, त्यानंतरही लागत राहिला.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकले तरी
ती अंधारात, न चाचपडता, रिकाम्या गोठ्यापर्यंत.
काय करतेस तिथे? मी विचारलं.
उभी राहते.
म्हणजे?
म्हणजे उभी राहते.

मग गावातला वृद्धाश्रम. गरम पाइप, मेणचट फरशी,
खिडकीत कुणाचं तरी प्लास्टिकचं जिरेनियम.
खाटेपासून जेवणघरापर्यंत एक्केचाळीस.
कमी आहेत, तिने तक्रार केली,
जसं कुणी मीठ कमी आहे म्हणतं.
नर्स सांगते, रोज ती दारापर्यंत यायची,
आणि आत न शिरता वळायची,
खिडकीकडून, पियानोकडून फेरा घालून
आकडा भरून आणायची.
तोवर सूप निवायचं. निवलेलं प्यायची.

मार्चमध्ये गेली. चौऱ्याण्णव.
चर्चच्या तळघरात कॉफी, हॅमचे सँडविच,
मार्लीस आत्याने केलेलं कूखन, जरा करपलेलं
(ती असती तर बोलली असती).
पास्टर म्हणाले, आता ती प्रभूच्या हाती आहे.
मला वाटलं, त्याला पिशव्या धुवायला लावेल.

नंतर आम्ही शेतावर गेलो.
बर्फ वितळून सगळा राडा.
गोठा केव्हाच पाडलेला, जोत्याचे दगड तेवढे उरलेत.
पण दाराच्या चौकटीत कडी आहे,
आणि कडीत, दोर घासून घासून,
बोट बसेल एवढी खाच.
मी खाचेत बोट ठेवलं आणि निघाले.
माझी एकोणपन्नास भरली.
लांब पायांना काय कळणार, वाटलं,
आणि उगाच तिथे उभी राहिले.
खरंच, उभं राहण्यापलीकडे तिथे काही नाही.
वारा. पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर.

माझी जूनी मागून मोजत आली,
डबकं दिसलं की उडी,
तीस दोनदा, सत्तेचाळीस मुळीच नाही.
एकशे तीन! ओरडली.
मग कपाळाला आठी घालून, अगदी तिचीच आठी,
माझ्याकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं.
चुकलं, म्हणाली,
आणि पहिल्यापासून मोजायला
चिखल उडवत घराच्या दाराकडे पळाली.