पोच

ओउलूत दुपारी अडीचलाच काळोख.
इर्यानं अॅपचा फेरा वेगळ्या थ्रेडवर नेला.
मुख्य थ्रेड आता मोकळा,
बोट टेकलं की नुसता हुंकार द्यायचा.
मधे एक पाइप: इकडून निरोप,
तिकडून पोच.
पोच येईस्तोवर मात्र खोळंबायचं.
पाच सेकंद. मग फोनच विचारतो,
बंद करू, की थांबताय?

इल्मो सूप वाढत म्हणाला,
शनिवारी आईकडे जायचंय ना?
"हं."
आत फेरा चालूच:
खिडकीच काढून घेतली
तर चित्र काढायचं कशावर?

पळी हवेत. सामनच्या तुकड्यावरून
एक थेंब मेजावर.
तो काही विचारत नाही,
मोजतही नसावा.

चौथ्या सेकंदाला तिनं मान वर केली,
"कुणाच्या आईकडे?"