उजवा पट्टा

माझ्या गोष्टींत माणसं भरपूर मरतात.
सासरे मरतात, तलाठी मरतो,
एका कादंबरीत अख्खी आळी पटकीनं गेली
आणि त्या रात्री मी पिठलंभात जेवून शांत झोपले.
मूल मात्र मरत नाही.
मूल उशिरा घरी येतं.

मला हे ठाऊक नव्हतं.
सिन्नरच्या एका वाचकानं पोस्टकार्डावर कळवलं:
बाई, तुमच्या सात कथांत शाळा सुटते पाचला
आणि पोरगं पोचतं दिवेलागणीला.
वाटेत एवढं करतं तरी काय?

काय करतं.
जेलरोडच्या कडेकडेनं चालतं,
मध्येच थांबून देवळालीच्या तोफा मोजतं.
सरावाच्या दिवसांत आमच्या फडताळात
कपबशा किणकिणायच्या
आणि आतल्या खोलीतून आरोळी यायची, अकरा!
लिहिताना मी तोफा काढून ढग घालते.
नाशिकरोडचं एक बिननावाचं गाव करते.
नवऱ्याला एकदा पोस्टमन केलं, एकदा कंडक्टर,
खोकला तेवढा त्याचाच ठेवला.

त्र्यंबक नोटांच्या प्रेसमध्ये तपासनीस.
करकरीत ताव डोळ्यांखालून घालायचे,
शाई फुटली, आकडा सरकला, रेघ पुसट आली
की तो ताव बाजूला.
सुटताना गेटवर झडती.
बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी
दोन्ही हात वर करून सुटलेला माणूस
घरी आल्यावर कुणाला खिसे दाखवत नाही.

ताप तीन दिवसांचा होता.
अस्थी घेऊन कुठून कुठून लोक येतात रामकुंडावर,
रात्ररात्र गाडीत बसून, मांडीवर गाठोडं धरून.
आम्हाला सिटी बस पुरली.
कंडक्टरनं सवयीनं विचारलं, अर्धं आहे का?
त्र्यंबक म्हणाला, नाही. दोन फुल.
माझ्या गोष्टीतला कंडक्टर तिथं चढला.

त्यानंतर घरात तो विषय नाही.
मी लिहीत राहिले, त्यानं वाचलं नाही.
वाचलं असेल तर सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर डोळ्यांना काम उरेना
म्हणून माझी प्रुफं मागून घेतली.
ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेला काना, उलटा लागलेला अवतरणचिन्हाचा जोड,
त्याच्या तावडीतून काही सुटत नसे.
आठव्या कथेला मात्र अडला.
चहा निवला, साय धरली.
मी पोळ्या लाटत होते, बघत नव्हते असं दाखवत होते.
पान परत आलं तेव्हा
'दप्तराचा डावा पट्टा तुटलेला' या ओळीत
डावा खोडला होता
आणि समासात लाल अक्षरांत: उजवा.

सतरा वर्षांनी बोलला. तेही समासात.

मी म्हटलं, डावाच होता.
तो म्हणाला, उजवा. त्या सकाळी मीच सुतळीनं बांधला.
मी म्हटलं, सुतळी नव्हे, नाडी होती, माझ्या परकराची.
आवाज चढले.
शेजारच्या पिंगळेबाईंनी रेडिओ बारीक केला,
बहुधा नीट ऐकू यावं म्हणून.
आम्ही भांडलो पट्ट्यावरून, मग डब्यातल्या भाजीवरून,
मग पाटीच्या फुटक्या कोपऱ्यावरून,
आणि कणीक वाळून गेली परातीत.

पुस्तक परवा आलं.
छापखान्यानं दुरुस्ती घेतलीच नाही, डावाच छापलाय.
मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय.
लेखिकेच्या दहा प्रती टेबलावर आहेत
आणि त्र्यंबक पेन घेऊन बसलाय,
पान एकशे बारा, प्रत सहावी,
खोडतो, वर बारीक अक्षरात लिहितो,
शाई वाळेपर्यंत फुंकर घालतो.

फडताळात काहीतरी किणकिणलं आत्ता.
मान वर न करता तो म्हणाला,
चार.