शेवटचं सिंक

सोमवारी सकाळी ह्यालग्रीम आला,
फोन टेबलावर ठेवला, पालथा,
जाळ्यात आलेल्या नकोशा माशासारखा.
"मेल येत नाहीत," म्हणाला. "गुरुवारपासून."
फोन नवा. काचेवरचा पापुद्राही अजून निघालेला नाही.
खिडकीबाहेर क्लाक्सविकचं बंदर,
शीतगृहाचा भोंगा, फेब्रुवारीचा अर्धामुर्धा उजेड.

मी नेहमीचं सगळं केलं.
विमान-मोड लावला, काढला.
घड्याळ पाहिलं. फार मागंपुढं असलं
तर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो.
सर्व्हरचं नाव पुन्हा टाइप केलं, अक्षर न् अक्षर.
खातं काढलं. खातं जोडलं.
ते गोल चाक आपलं फिरतंच राहिलं.

"पासवर्ड बदलू या."
"नको."
"दोन मिनिटांचं काम आहे."
"बाकी काय वाट्टेल ते कर, सुन्निवा. पासवर्ड नको."
चौतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस,
खुब्याच्या ऑपरेशननंतर खरेदी खात्यात बसवलेला,
दोर, बर्फ, डिझेल यांच्या बिलांवर सह्या करणारा,
आणि एका पासवर्डसाठी अडून बसलेला.
का, ते विचारलं तर ताकास तूर लागू देईना.

मग सर्व्हरवर त्याचं खातं उघडलं.
तिथं सरळ लिहिलं होतं:
एका माणसाला दहा उपकरणं. दहा भरली.
खाली एक जुनी खूण, माझ्या आधीच्या एयदुननं केलेली:
याचा पासवर्ड कधीही जुना होणार नाही.
एयदुनला कप्तानांना नाही म्हणता येत नसे.

सर्व्हर काही म्हणजे काही विसरत नाही.
यादीत ह्यालग्रीमचे आजवरचे सगळे फोन.
"हा?"
"समुद्रात. रॉकॉलच्या पश्चिमेला."
"हा?"
"मॅकरेलच्या खोक्यात पडला. खोकं लागोसला गेलं."
"हा?"
"नातवानं सूपमध्ये घातला."
"हा?"
"समुद्रात."
"आणि हा?"
"तोच समुद्र."

शेवटचं सिंक: नऊ वर्षांपूर्वी.
शेवटचं सिंक: सहा वर्षांपूर्वी, जूनमध्ये.
आठव्या ओळीवर माझं बोट थांबलं.
शेवटचं सिंक: काल, चार वाजून बारा मिनिटं.
मी पत्ता शोधला.
वॉल्विस बे. नामिबिया.

तुमचे मेल कुणीतरी वाचतंय, असं म्हणणार होते.
पण तो पडद्यावर वाकला होता,
चष्मा कपाळावर, ओठ हलत होते.
"म्हणजे काल धक्क्याला लागली," तो म्हणाला.

तेर्ना. नाव एका पाखराचं,
जे हिवाळा इथं काढत नाही.
तीन वर्षांपूर्वी कंपनीनं विकली, त्याच्या खुब्याच्याच महिन्यात.
सुकाणूघरात नकाशांच्या फळीमागं
एक फोन चार्जरला लावलेला राहून गेला.
"राहून गेला?" मी विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत होता.
बंदरात शिरली की तिथलं वायफाय सुरू होतं,
हे त्याला ठाऊक होतं; फोन जिवंत आहे का, हे नव्हतं.
"कधी शोधलं नाही," म्हणाला.
"फक्त पासवर्ड बदलला नाही."

नियम मला पाठ आहे, मीच लिहिलाय:
हरवलेलं उपकरण दुरून पुसून टाकावं.
लाल बटण ओळीच्या उजव्या टोकाला असतं.

मी बुडालेले तिन्ही काढले.
लागोसचा काढला. सूपमधला काढला.
चाक थांबलं, फोन थरथरला,
सहाशे अकरा मेल धडाधड उतरले:
दोराचं बिल, बर्फाचं बिल,
आणि सगळ्यात वर माझीच सूचना,
सर्वांनी या आठवड्यात पासवर्ड बदलावा.
ती त्यानं माझ्यासमोर वाचली,
फोन खिशात टाकला,
लंगडत जिना उतरला.

नोंदवहीत मी लिहिलं:
कारण, उपकरणांची मर्यादा.
उपाय, जुनी काढली.
आठव्या ओळीबद्दल उद्या कुणी विचारलंच
तर सांगेन,
ते उपकरण हरवलेलं नाही.
कुठं आहे, ते आम्हाला माहीत आहे.