सुरकुती

आमचा माणूस कवेलू फेरता फेरता
घसरला, तो उभाच पडला टाचेवर.
एक्सरेवाला म्हणे, अंड्यावानी फुटली.

मी म्हटलं, मंग आजच कापा ना.
ब्रह्मपुरीचे डॉक्टर म्हणाले, आज नाही.
कातडी फुगलीय वांग्यासारखी चकचकीत,
आता चिरली तर मिटायची नाही.
सुरकुती पडू द्या.

मंग उशांवर पाय, अन् मी पायाशी.
सकाळी पाहा, सांजेले पाहा.
जाऊबाई फोनवर:
पैसे नाही भरले म्हणून थांबले काय वो?
काळ्या पाण्याचे फोड आले. सुकले.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पाऊल जरासं वर वळवलं
अन् बाजूले बारीक रेघा उठल्या,
पाणी उतरल्यावर बांधीच्या गाळाले पडतात तशा.
नवऱ्याच्या अंगावर सुरकुती पाहून हासली
अशी मीच असन.

आता चालते. सडकेवर नीट.
बांधीत ढेकूळ आलं का
टाच वळायचं विसरते, गडी थांबते.

चैतात शिडी मी धरतो, चढते झनक.
हा खालून वरडते,
तिसऱ्या ओळीतलं उलटं हाये रे!

उलटं नसते.