शिट्टी

लेस्या बिलिकच्या मोटरसायकलला ते दिवे मीच बसवले.
दोन एलईडी, पुढच्या काट्यावर, स्वस्तातले.
युर्कटनच्या उत्तरेला रस्ते पट्टीने आखल्यासारखे,
खडीचे, आणि सांज कलली की
गव्हातून हरणं निघतात, कसलीही वर्दी न देता.
उजेड हवाच होता.

चौथ्या दिवशी ती परत. हेल्मेटही काढलं नाही.
म्हणाली, "उजेड झकास. बाबा गेला."
मी हातातला पाना खाली ठेवला.
"मेला नाही रे. ऐकू येत नाही."

ओरेस्ट रोज रात्री नऊला रेडिओवर बसतो,
कॅनोरापलीकडच्या शेतावर,
धान्याच्या कोठीवर चढवलेल्या तारेखाली.
मोबाईलची रेघ त्या बाजूला पोचत नाही,
आणि पोचली असती तरी तो रेडिओलाच चिकटून राहिला असता.

मी किल्ली फिरवली. दिवे लागले,
आणि स्पीकरमधून
ग्राइंडरखाली पत्रा धरावा तसा आवाज.
बंद केले: दूरवर कुणीतरी हवामान सांगतंय.
चालू: पत्रा.

सलग वाटतो तो उजेड सलग नसतो.
आतली चिमुकली पेटी सेकंदाला लाखो वेळा
तो तोडते, जोडते, तोडते.
डोळा भोळा, त्याला पत्ता लागत नाही.
अँटेनाला लागतो.

दोन दुपारी गेल्या. तारांना पीळ दिला,
फेराइटची कडी चढवली,
रंग खरवडून अर्थिंग थेट सांगाड्याला.
मग जाता जाता माईकच्या तारेतही एक कडं:
इंजिनाबरोबर चढणारी बारीक शिट्टी
तिच्या बोलण्यामागून बाहेर जात होती, कधीपासूनची.
तीही पुसली. हात पुसले. बिल लिहिलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा दारात.
"आता काय?"
"बाबा विचारतो, कुठे थांबलीस?
मी ऐंशीने चाललेय, आणि हा विचारतो, का थांबलीस?
हरीण आडवं आलं का? पडलीस का?"

एवढी वर्षं म्हातारा
तिचे शब्द ऐकत नव्हताच बहुधा.
शिट्टी ताणली की सरळ रस्ता,
उतरली की चर्चजवळचं वळण,
तुटली की घराचं फाटक.
त्याच्याकडे नकाशा होता. मी तो धुऊन टाकला.

दिव्यांवरची कडी राहू दिली. माईकवरचं काढलं.
अर्ध्या मिनिटाचं काम.
आवाज घालवायला लोक पैसे देतात;
परत आणायचे किती घ्यायचे, मला अजून ठाऊक नाही.
कडं तिच्या तळहातावर ठेवलं.
तेवढ्याशा आकाराला फार जड असतं ते.
तिने उलटंपालटं करून पाहिलं, खिशात टाकलं,
आणि म्हणाली,
"मागची नंबरप्लेटही बघ जरा. हलतेय."